शेवाळाची वरची बाजू

वहिनींशी ज्याचं एकदाही भांडण झालं नाही असा माणूस त्या दगडाच्या कारखान्यात दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. करवतीवरचे कामगार, घासणारे, ट्रकवाले, स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी दगड निवडायला येणारी नवरा-बायकोची जोडपी, शेजारचा पत्र्याच्या पेट्या करणारा, सगळ्यांनी कधी ना कधी त्यांच्या तोंडचं ऐकून घेतलेलं. आणि गंमत अशी, की ऐकून घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्यांच्याच टेबलापाशी चहा प्यायला हजर. राग नाकाच्या शेंड्यावर, पण मनात काडीइतकं ठेवायचं नाही. ज्याच्यावर त्या ओरडत नसत, त्यानं मात्र समजून जावं की आपलं इथं काही खरं नाही.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. थोरल्या मालकांची बायको म्हणून दिरानं वहिनी म्हटलं, दिराचं ऐकून कामगारांनी म्हटलं, आणि मग पोस्टमनपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्या दुनियेच्या त्या वहिनी झाल्या. त्यांचा सख्खा मुलगासुद्धा लहानपणी त्यांना वहिनीच म्हणायचा. शाळेतल्या बाईंनी डोळे मोठे केले तेव्हा कुठे 'आई'वर आला.

मालकही आवाजाचे दणदणीत. करवत चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, आणि घरी गेल्यावर आवाज खाली आणायची आठवण दोघांनाही राहत नसे. एकमेकांकडे मीठ मागत असले तरी शेजाऱ्यांना वाटायचं, आता भांडी फुटणार. मालक गेले आणि घर एकदम गप्प झालं. माणसं भेटायला येत, हळू बोलत, पाय न वाजवता निघून जात. वहिनींना दुःखापेक्षा त्या हळू बोलण्याचाच जास्त उबग आला. एका सकाळी त्या उठल्या, मालकांचा रबरी एप्रन अडकवला आणि करवतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

टाचणी मिस्त्री तेव्हाही होता. अंगानं इतका बारीक, की लादी आणि भिंत यांच्यामधून पलीकडे जाईल, म्हणून टाचणी. तो अदबीनं म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसा. आम्ही बघतो सगळं."

"बसवायला मी काय लादी आहे?" वहिनी कडाडल्या. सगळे हसले, वहिनीही हसल्या, आणि कारखाना पुन्हा सुरू झाला.

काम त्या बघून बघूनच शिकल्या होत्या. दगडाचा मोठा धोंडा आला की त्याभोवती फिरायचं, थापट्या मारायच्या, कान लावायचा. करवतीखाली पाण्याची धार सोडायची. मग घासायच्या चकत्या, आधी खरखरीत, मग बारीक, त्याहून बारीक, आणि शेवटी पांढरी पावडर ओल्या फेल्टवर घेऊन झळाळी येईपर्यंत. पॉलिश झालं की वहिनी डोळे मिटून लादीवर तळवा फिरवत आणि म्हणत, "इथं अजून." घासणारा कपाळाला हात लावी, पण पुन्हा घासायला घेई. वाद घालण्यात वेळ कोण घालवणार!

मुलगा या धंद्यात आला नाही. तो दंतवैद्य झाला. "हाही दगडच घासतो," वहिनी लोकांना सांगत. "फरक एवढाच, की आमचा दगड ओरडत नाही."

त्या मुलानं एक दिवस घरी एक मुलगी आणली. किडकिडीत, चष्मा लावलेली, उन्हानं रापलेली, बोलायला अगदी लोण्यासारखी मऊ. ती चहा घेऊन गेल्यावर वहिनींनी मुलाला विचारलं, ही करते काय?

"शेवाळाचा अभ्यास करते. जीवाश्म झालेल्या शेवाळाचा."

वहिनी बघतच राहिल्या. कारखान्यातल्या गाळाच्या हौदाभोवती जे दर आठवड्याला ताठ ब्रशनं खरवडून काढावं लागे, ज्याच्यावरून टाचणी मिस्त्री पाठीवर आपटून महिनाभर वाकडा चालला होता, त्याचा अभ्यास?

"आणि तेही मेलेलं?"

"आई, अडीचशे कोटी वर्षांपूर्वी मेलेलं."

"मग आता एवढी घाई कसली आहे तिला?"

पण मुलगी त्यांना आवडली होती. हात बघितले होते ना त्यांनी. बोटांना घट्टे, नखाच्या कडेला हातोडीचा जुना काळा डाग. ही मुलगी दगड फोडते, नुसती बघत बसत नाही, हे त्यांनी ओळखलं. लग्न झालं, सूनबाई घरात आली, आणि तिथून वहिनींच्या जिवाला घोर लागला.

घोर असा, की सूनबाईला सगळंच छान वाटायचं. खोली छान. पडदे छान. वहिनींनी भल्या पहाटे उठून कपाट सरकवलं तरी छान. एकदा गडबडीत भाजीत मीठ दोनदा पडलं. मुलानं पहिला घास ताटात परत ठेवला, वहिनींनी स्वतः तोंड वेडंवाकडं केलं, आणि ही बया मात्र खाली मान घालून शेवटच्या घासापर्यंत जेवली. वर म्हणते, "छान झालीय, आई."

वहिनींच्या काळजाला ते 'छान' लागलं. अगं, घरचं माणूस म्हणेल की, आई, आज काय समुद्र ओतला का? परकं माणूस म्हणतं छान. सूनबाई लहानपणापासून मामा-मामींकडे वाढलेली, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याच्या घरात राहायचं तर आवाज करायचा नाही, मागायचं नाही, नावं ठेवायची नाहीत, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. पण आता हे दुसऱ्याचं घर नव्हतं ना! हे तिला कोण सांगणार, आणि सांगून कळतं का असलं काही? वहिनींनी हर प्रयत्न केले. मुद्दाम तिच्या चपला इकडच्या तिकडे टाकल्या. तिचं पुस्तक हरवून बघितलं. "शेवाळात कसलं आलंय शिक्षण," असं अगदी ठसक्यात म्हणून बघितलं. सूनबाई हसली आणि म्हणाली, "खरंय तुमचं."

"खरंय काय, डोंबल!" वहिनी मिस्त्रीपाशी करवादल्या. "ती मुलगी पाहुण्यासारखी राहते माझ्या घरात. एकदा कडकडून भांडू दे माझ्याशी, मग मी सुखानं मरेन."

"मरायची कशाला घाई करता," मिस्त्री म्हणाला. "भांडेल की. तुमच्याशी न भांडता कोण राहिलंय?"

अशात तो दगड आला.

सूनबाईच्या संस्थेत लोकांसाठी एक नवं दालन होत होतं, पृथ्वीची गोष्ट सांगणारं. त्याच्या दर्शनी भिंतीवर लावायला सूनबाईनं शोधलेलाच एक धोंडा ठरला. दूरच्या एका खाणीत तो सुरुंगानं उडायच्या बेतात असताना हिनं वाचवलेला. तो चिरून, पॉलिश करून, भिंतीवर बसवून हवा होता, आणि सूनबाई घरी येऊन भीत भीत म्हणाली, "आई, तुम्हाला वेळ असेल तर... म्हणजे तुमची अडचण होणार नसेल तर..."

"आण!" वहिनी म्हणाल्या. त्या रात्री त्यांना आनंदानं नीट झोप लागली नाही.

धोंडा आला तेव्हा बाहेरून काही बघण्यासारखा नव्हता. करडा, ओबडधोबड, वरच्या कवचावर सूनबाईनं निळ्या रंगानं काहीबाही खुणा केलेल्या. तो करवतीवर चढवला, पाणी सोडलं, कवचं दोन्ही बाजूंनी निघून गेली, आणि मधून एक रुंद लादी बाहेर आली. वहिनींनी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि "अगंबाई!" म्हणून मागेच सरकल्या.

आत सगळे पापुद्रे. कांदा चिरल्यावर दिसतात तसे, एकाला लागून एक, बारीक, फिकट आणि गडद, आणि सगळे कमानीसारखे वाकलेले. एका कडेला जाड काळा पट्टा.

लादी टेबलावर आडवी ठेवून वहिनी स्वतः घासायला बसल्या. सूनबाई पलीकडे स्टुलावर. आणि त्या दुपारी वहिनींना कळलं की ही पोर बोलते! दगड समोर असला की तिला थांबवावं लागतं इतकं बोलते.

"हा एकेक पापुद्रा म्हणजे शेवाळाची चटई होती, आई. उथळ समुद्रात, किनाऱ्याजवळ. खरं तर ते जिवाणू, पण निळं-हिरवं शेवाळ असंच म्हणायचे सगळे पूर्वी, मीही म्हणते. चिकट असायची ती चटई. लाट यायची, बारीक गाळ आणायची, तो वर चिकटून बसायचा. मग खालच्यांना ऊन मिळेना. ऊन नाही म्हणजे उपास. मग ते गाळातून वर सरकायचे, वर नवी चटई. परत लाट, परत गाळ, परत वर."

"खायचे काय?"

"ऊनच. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड. आणि टाकून द्यायचे प्राणवायू."

"टाकून द्यायचे?"

"कचराच तो त्यांचा! तेव्हा हवेत प्राणवायू नव्हताच जवळजवळ. आपण असतो तर दोन मिनिटांत गुदमरलो असतो. यांनी सोडलेला पहिला प्राणवायू समुद्रातल्या लोखंडानंच संपवला. सगळा समुद्र गंजत होता म्हणा ना. तो गंज तळाशी बसत गेला. लोखंड सरत आलं, तेव्हा कुठे प्राणवायू हवेत उरायला लागला. किती काळ लागला असेल! आणि तेव्हाच्या बाकीच्या जीवांना तो विषासारखा. पुष्कळ मेले. काही चिखलात खोल जाऊन लपले, ते अजून तिथंच आहेत."

वहिनींची चकती थांबली होती. त्यांनी मोठा श्वास घेतला, धरून ठेवला, सोडला.

"म्हणजे या मेल्यांनी टाकलेलं आपण घेतोय."

"अगदी!" सूनबाई स्टुलावरून उठलीच. "डोळे नाहीत, तोंड नाही, काही नाही. नुसतं ऊन खाल्लं आणि वर चढले. आणि त्यामुळे आपण."

तिचे डोळे असे चमकत होते की वहिनींना वाटलं, हिला इथंच मिठी मारावी. पण हात पांढऱ्या रबडीनं भरलेले. त्यांनी नुसतं "चहा सांग दोन" म्हटलं.

लादीला अशी झळाळी आली की मिस्त्रीनंही नाव ठेवलं नाही. आणि नेमकं लावायच्या दिवशी सूनबाईला परगावी व्याख्यानाला जावं लागलं. "काही सांगायचंय का?" वहिनींनी विचारलं. "छे, तुम्हाला काय सांगायचं," ती म्हणाली. तिच्या धंद्यात त्या कमानी कुठल्या बाजूला फुगतात हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. कुणी सांगत बसत नाही. आणि वर-खाली दाखवणाऱ्या निळ्या खुणा होत्या त्या कवचावर. ते कवच तर केव्हाच भंगारात गेलं होतं.

दालनात लादी चेनपुलीला टांगली गेली, आणि मिस्त्रीनं विचारलं, "कशी घ्यायची?"

वहिनींनी दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून बघितलं. आता त्यांच्या कारखान्याची जन्मापासूनची रीत अशी, की पट्ट्यांचा दगड भिंतीवर लावताना गडद बाजू खाली घ्यायची. वजन खाली दिसलं पाहिजे, नाहीतर भिंत अंगावर आल्यासारखी वाटते. आणि वळणं असली तर ती वाटीसारखी उताणी ठेवायची. उपडी वाटी रिकामी दिसते, दळिद्री दिसते. मालकांनी असंच शिकवलं, त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच शिकवलं.

"काळं खाली," वहिनी म्हणाल्या.

"सूनबाईंना एक फोन करू का?"

"दगड भिंतीवर कसा लावायचा हे मी शेवाळवाल्यांना विचारू?"

मिस्त्रीनं चेन ओढली. लादी भिंतीतल्या लोखंडी कोनांवर बसली, मागून चिकटवायचं केमिकल लागलं, ओळंबा सोडून बघितला. केसभरही चूक नाही. वहिनींचं मन भरून आलं. आता येऊ दे तिला, बघू दे, म्हणू दे काय म्हणायचं ते.

सूनबाई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅगेसकट थेट दालनात आली. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिचा चेहरा एकदम पांढराफटक. क्षणभरच. मग तिनं चष्मा सारखा केला, ओठांवर हसू आणलं.

"छान झालंय, आई."

ते 'छान' वहिनींनी ओळखलं. खारट भाजीचं छान होतं ते.

घरी सूनबाई जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. वहिनींनी मुलाला कोपऱ्यात गाठलं, तर तो ताकास तूर लागू देईना. "तिलाच विचार," म्हणाला, आणि दात घासायला गेला तो बाहेरच येईना. वहिनींनी खोलीच्या दारापर्यंत जाऊन हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एका माणसाला प्रश्न विचारायची भीती वाटली. समजा विचारलं, आणि ती पुन्हा छानच म्हणाली तर?

सकाळी दोघी दालनात गेल्या. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. वहिनी मऊ फडक्यानं लादी पुसत होत्या, तेवढ्यात संस्थेचे संचालक आले. उंच, गोड बोलणारे, सगळ्याच गोष्टींवर खूश असणारे गृहस्थ. नद्यांचा अभ्यास केलेले, शेवाळाशी त्यांचा संबंध नव्हता.

"वा, वा! काय चमकतंय! यात वरची बाजू कुठली म्हणायची, बरं का, उद्या कुणी विचारलं तर?"

सूनबाईनं तोंड उघडलं. वहिनींकडे बघितलं. वहिनींच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं.

"तसं काही नाही, सर," ती म्हणाली. "मांडणीच्या सोयीनं लावलाय. फार जुना दगड आहे, एवढंच सांगायचं."

एवढंच सांगायचं! वर चढणाऱ्यांची सगळी गोष्ट तिनं गिळून टाकली. तिचे कान लालबुंद झाले होते. संचालक "छान, छान" करत गेले. वहिनींनी फडकं खाली टाकलं.

"मांडणीची सोय म्हणजे काय गं?"

"काही नाही, आई."

"कान बघ आरशात. खोटं बोललीस तू. त्या माणसाशी, तुझ्या दगडाबद्दल, माझ्यामुळे. काय चुकलंय सांग."

"उलटा लागलाय," सूनबाई पुटपुटली.

"मोठ्यानं बोल. माझे कान करवतीनं खाल्लेत."

"उलटा लावलाय!" आणि मग तो आवाज दालनभर घुमला. "उलटा लावलाय तुम्ही! डोक्यावर! अख्खी वस्ती उन्हाकडे चढत होती आणि तुम्ही तिला खाली तोंड करून टांगलंय! तो काळा पट्टा पाया नाही, तो शेवटचा चिखल आहे, सगळ्यांना गाडून टाकलं त्यानं, त्याच्यामुळे तर हे टिकले! तो वर असतो, वर! मला एक फोन करायला काय झालं होतं? माझा दगड होता तो! सुरुंगवाल्यांशी भांडून, दिवसभर उन्हात त्याच्यावर बसून राहिले होते मी, तेव्हा वाचलाय!"

"म्हणजे भांडता येतं तुला!"

"येतं!"

"मग माझ्याशी का नाही भांडलीस? आणि वरची बाजू कुठली ते सांगायला काय जीभ झडली होती?"

"असलं कुणी सांगतं का? डोंगर कुठल्या बाजूनं वर असतो ते सांगावं लागतं का कुणाला?"

"आमच्यात वाटी उताणी ठेवतात!"

"वाटी नाहीये ती, आई! घुमट आहेत! ऐकून घेतलंत ना सगळं त्या दिवशी, श्वास काय धरलात, मोठ्या मोठ्या माना डोलवल्यात, आणि शेवटी आपलंच खरं केलंत! हट्टी आहात तुम्ही. कपाटसुद्धा पहाटे सरकवता. आणि ती भाजी घशाखाली उतरत नव्हती माझ्या!"

बोलता बोलता तिचा आवाज फाटला आणि ती रडायलाच लागली. "मामींना एकदाच उलट बोलले होते मी. त्यानंतर त्या वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. कितीतरी दिवस. मला ते परत नको होतं. त्यापेक्षा दगड राहू दे म्हटलं उलटा."

वहिनींना संताप आला. त्या न पाहिलेल्या मामीचा आला, स्वतःचा आला, हिचाही आला. आणि त्याच वेळी आनंदानं छाती भरून आली, दोन्ही एकदम. त्यांनी सूनबाईचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं.

"अगं ए, माझ्याकडे बघ. मला गप्प बसता येतं असं वाटतं तुला? मालक गेले तेव्हा जमलं नाही मला, तुझ्यासाठी बसेन? मी तुझ्यावर ओरडेन, तू माझ्यावर ओरड, आणि मग जेवायला बसू. माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही. दगडाबद्दल तर नाहीच नाही. चुकलं माझं. विचारायला हवं होतं." मग त्यांनी मागे वळून बघितलं. "अरे टाचणी! ये इकडे. उतरवायचीय."

टाचणी मिस्त्री दाराआड उभा राहून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "आज उतरेल. केमिकल अजून ओलं आहे आतून. उद्या म्हणाल तर भिंत पाडावी लागेल."

"आणि आज फुटली तर?" सूनबाईनं नाक पुसत विचारलं.

"फुटू शकते," वहिनी म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नसे. "दगड तुझा आहे. तू सांग."

सूनबाईनं लादीच्या कडेवर तळवा ठेवला. "उतरवा," ती म्हणाली.

मग चेनपुली आली, जाड पट्टे आले, मागून बारीक तारेनं केमिकल कापत कापत मिस्त्री आत घुसला. एका कडेला वहिनी, दुसऱ्या कडेला सूनबाई. "हळू, आई! हळू म्हणतेय ना!" "हळूच चाललंय, तू तुझी बाजू सांभाळ!" "डावीकडे घ्या!" "कुणाचं डावीकडे?" लादी सुटली, हवेत वळली, घुमट वर झाले, आणि कोनावर टेकता टेकता खट्टकन आवाज झाला. खालचा एक कोपरा, तळहाताएवढा, जमिनीवर.

मग सासू-सून एकदमच बोलल्या.

"तू सोडलंस!"

"तुम्ही ओढलंत!"

कोपरा परत चिकटवला. वहिनींनी स्वतः घासून घासून तो लादीशी एकजीव केला, पण रेघ राहिली. दगडात एकदा पडलेली रेघ जात नाही. वहिनी हळहळल्या. सूनबाईनं त्या रेघेवरून बोट फिरवलं, उसासा टाकला आणि म्हणाली, "चालेल. निदान वर तरी बघतायत आता."

उद्घाटनाला माणसं खच्चून आली. संचालकांचं भाषण झालं. मग सूनबाई दगडापाशी उभी राहिली आणि तिनं ती गोष्ट सांगितली, अगदी त्या दुपारसारखी, हात हलवत, चष्मा नाकावर घसरलेला. उथळ पाणी, ऊन, गाळ, पुन्हा वर. गंजलेला समुद्र. मग सगळ्यांना तिनं एकदा खोल श्वास घ्यायला लावला. सुटाबुटातली माणसंसुद्धा छाती फुगवून उभी राहिली. वहिनी शेवटच्या रांगेत होत्या. त्यांना इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसून त्या म्हणाल्या, "सून आहे माझी."

मग एका आजोबांनी काठीनं दाखवून विचारलं, "ही खाली रेघ कसली? हीसुद्धा तेव्हाचीच का?"

"नाही हो," सूनबाई म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "ही कालची. आमच्या सासूबाईंनी दगड उलटा लावला होता. काढताना त्यांच्याकडून फुटला."

"माझ्याकडून?" शेवटच्या रांगेतून आवाज आला. करवतीवरून बोलायचा तो आवाज. सगळ्या माना वळल्या. "माझ्याकडून? बाजू कुणी सोडली?"

"आई, डावीकडे म्हटलं तर तुम्ही उजवीकडे ओढलंत!"

"तुझं डावं आणि माझं डावं एक होतं का? समोरासमोर उभ्या होतो आपण!"

"मग विचारायचं ना! परत नाही विचारलंत!"

वहिनी माणसं बाजूला सारत पुढे निघाल्या. सूनबाई कमरेवर हात ठेवून उभी होती, मागे हटायला तयार नव्हती. पाहुणे कधी इकडे बघत, कधी तिकडे. कुणीतरी हसू दाबलं. संचालक बिचारे गोंधळून गेले. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या टाचणी मिस्त्रीला त्यांनी हळूच विचारलं, "अहो, हे काय चाललंय? मी मध्ये पडू का?"

"नको, साहेब," मिस्त्री म्हणाला. "त्यांचं घरातलं आहे ते."

वहिनींना ऐकू कमी यायचं, पण हे आलं. त्यांचे डोळे भरले, आणि त्या आणखी मोठ्या आवाजात भांडायला लागल्या.